ध्येय : पद की पात्रता?

(बी. ए. तृतीय वर्षातील एक विद्यार्थिनी, मादन हिप्परगा)



पदवीच्या शेवटच्या वर्षात एक प्रश्न सावलीसारखा पाठीशी लागतो. "पुढे काय?" घरी पाहुणे आले की ते विचारतात, वर्गात प्राध्यापक विचारतात, आळंदच्या बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी मावशीसुद्धा दप्तर पाहून विचारते. विचारणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. त्यांना आमची काळजी असते, कौतुकही असते. परंतु या प्रश्नाला अपेक्षित असलेली उत्तरे आधीच ठरून गेलेली आहेत. मुलगा असेल तर पोलीस, लष्कर, पंचायतीचा पीडीओ, आणि फारच हुशार असेल तर के. ए. एस.; मुलगी असेल तर शिक्षिका किंवा नर्स, आणि त्याच्याही आधी एखादे चांगले स्थळ. यांपैकी एक उत्तर दिले की विचारणाऱ्याचे समाधान होते. दुसरे काही सांगितले की, "म्हणजे नक्की काय?" असा उलट प्रश्न येतो.

माझ्या मते या प्रश्नातच एक मोठी गफलत दडलेली आहे. "पुढे काय?" असे विचारताना आपण पद विचारतो, पात्रता विचारत नाही. कोणत्या खुर्चीवर बसणार हे विचारतो; त्या खुर्चीपर्यंत जाताना अंगी काय येणार, आणि खुर्ची मिळाली नाही तर हाती काय उरणार, हे विचारीत नाही. ध्येय आणि नोकरी हे दोन शब्द आपण एकच समजू लागलो आहोत. याचे परिणाम काय होत आहेत, याचा विचार आपल्यासारख्या सीमाभागातील विद्यार्थ्यांनी विशेषच केला पाहिजे, असे मला वाटते.

परिणाम डोळ्यांसमोर आहेत. आपल्या तालुक्यातील कितीतरी मुले पदवीनंतर धारवाड, विजापूर, गुलबर्गा किंवा पुणे येथे भाड्याची खोली घेऊन स्पर्धा-परीक्षांचा अभ्यास करतात. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. एका खोलीत चौघे राहणे, गावाकडून आलेल्या कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीवर आठवडा काढणे, हे सोपे नाही. पण जागा थोड्या आणि उमेदवार अमाप, हे गणित सर्वांना ठाऊक आहे. शंभरांत एखाद्याचीच निवड होणार असेल, तर बाकीच्यांनी स्वतःला नापास माणूस समजायचे काय? तिशीला टेकलेला तरुण गावी परत येतो तेव्हा पारावर त्याच्याविषयी जे बोलले जाते ते ऐकून वाईट वाटते. त्याने पाच वर्षे इतिहास, राज्यघटना, अर्थशास्त्र वाचलेले असते. गावातील कोणाहीपेक्षा त्याला अधिक कळत असते. तरीही तो "काही झाला नाही" असेच लोक म्हणतात. आणि सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे तो स्वतःही तसेच मानू लागतो. ज्या ध्येयाची किल्ली पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात असते, त्या ध्येयावर सारे आयुष्य टांगणे शहाणपणाचे नाही.

मग ध्येय कशाला म्हणावे? मी माझ्यापुरती एक साधी कसोटी ठरवली आहे. गेल्या वर्षी जे मला येत नव्हते, ते या वर्षी येते का? येत असेल तर प्रगती. नसेल तर वर्ष वाया गेले, मग गुणपत्रिकेत काहीही छापलेले असो. ही कसोटी लहान वाटेल. परंतु तिचे उत्तर कोणत्याही आयोगाने जाहीर करण्याची वाट पाहावी लागत नाही. ते आपले आपल्याला दर संध्याकाळी कळते. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने तारुण्यात तेरा गुणांची यादी करून एक वही घातली होती; एका आठवड्यात एका गुणाकडे विशेष लक्ष द्यायचे आणि चुकलेल्या दिवशी खूण करायची, असा त्याचा नेम होता. गांधीजी १८८८ ते १८९१ या काळात लंडनला शिकत असताना पै-पैचा हिशेब लिहून ठेवीत. ही माणसे पुढे कोण झाली हे जगाला ठाऊक आहे. वही घालतांना ती फक्त तरुण माणसे होती आणि आपल्या वागण्याचा हिशेब स्वतःच ठेवीत होती, एवढे आपण घेण्यासारखे आहे.

आता आपल्या भागाकडे वळू. आपल्या प्रगतीचे पहिले माप भाषा हेच असले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याच घराचे उदाहरण घ्या. आजोबांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत झाले. त्या काळी सरकारी कामकाजाची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. आजोबा घरी मराठी बोलत, बाजारात कन्नड बोलत आणि सही उर्दूत करीत. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत या संस्थानाचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात गेले आणि आपला गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात आला. बिदर जिल्ह्यातील निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके तिकडे गेले, भालकी आणि बसवकल्याण इकडे राहिले. माणसे जागच्या जागी राहिली आणि त्यांच्या भोवतालच्या कचेरीची भाषा बदलली. वडील मराठी शाळेत शिकले. मी सातवीपर्यंत मराठीत आणि आठवीपासून कन्नडमध्ये शिकले. पदवीला आले तेव्हा संदर्भ-पुस्तके इंग्रजीत. तीन पिढ्यांत एका घराने चार लिप्या पाहिल्या.

या गोष्टीकडे दोन प्रकारे पाहता येते. एक म्हणजे रडत बसणे: आमचे मराठी पुण्यासारखे नाही, आमचे कन्नड धारवाडसारखे नाही आणि इंग्रजी तर कोणासारखेच नाही, आम्ही धड इकडचे नाही आणि धड तिकडचे नाही. हे रडगाणे मी वसतिगृहात, बसमध्ये आणि वर्गातही खूप ऐकले आहे. दुसरा प्रकार म्हणजे हे आपले भांडवल समजणे. भांडवल म्हटले की ते वाढवावे लागते, नुसते असून चालत नाही. अर्धवट येणाऱ्या तीन भाषा हा बोजा आहे, आणि नीट येणाऱ्या तीन भाषा म्हणजे तीन दारे आहेत.

हे केवळ बोलण्यापुरते नाही. आपल्याच मातीत याची उदाहरणे आहेत. स्वामी रामानंद तीर्थ यांचा जन्म १९०३ साली विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. पुढे त्यांनी ज्या राष्ट्रीय शाळेत शिकवले ती शाळाही हिप्परगा नावाच्याच गावी होती. ते हिप्परगा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले, पण नावाच्या साम्यामुळे आम्हांला त्याचा उगाच अभिमान वाटतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केलेल्या या माणसाला १९५२ साली गुलबर्ग्याच्या मतदारांनी आणि १९५७ साली औरंगाबादच्या मतदारांनी लोकसभेवर पाठवले. दोन्ही भाषांतील लोकांना तो आपला वाटला, हे केवढे मोठे आहे! निलंग्याला १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी निजामाच्या मुलकी खात्यात नोकरीला होते. मराठी, उर्दू, फारसी, कन्नड, तेलुगू या भाषा त्यांना अवगत होत्याच. आदिलाबादेत बदली झाली तेव्हा ते तेथील आदिवासींची गोंडी भाषा शिकले. बदलीच्या गावी आपण काय शिकतो? बहुधा परत येण्याचे अर्ज लिहायला शिकतो!

आणि आपल्या नियतकालिकाच्या कन्नड विभागातील मित्रांना तर द. रा. बेंद्रे यांच्याविषयी मी काय सांगावे? धारवाडला १८९६ साली जन्मलेल्या या महाकवीच्या घरातली बोली मराठी होती. १९४४ ते १९५६ ही बारा वर्षे ते सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नड शिकवीत होते. १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना ‘नाकु तंति’ या कन्नड काव्यसंग्रहासाठी मिळाला. घरात मराठी बोलणारा माणूस कन्नडचा महाकवी होतो, यात कोणत्या भाषेची हार झाली? माझ्या मते कोणाचीच नाही. भालकीच्या हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टद्देवरु यांची हकीकत आपल्या भागात घरोघरी सांगतात. निजामाच्या काळात कन्नड शाळा चालवणे अवघड होते, तेव्हा त्यांनी बाहेर उर्दूची पाटी लावली आणि आत मुलांना कन्नड शिकवले. भाषा टिकवायची तर दुसऱ्या भाषेचा द्वेष करावा लागत नाही, आपल्या भाषेसाठी खपावे लागते, हे या माणसाकडून मराठी मुलांनीही शिकावे.

सीमाप्रश्नाविषयी येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे. मौन पाळले तर लेख अप्रामाणिक ठरेल. आठशे पासष्ट गावांवर महाराष्ट्राने हक्क सांगितला आहे, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल झाला, आणि त्यावर ज्येष्ठ मंडळी आपापल्या परीने बोलत असतात. त्या प्रश्नावर कोणाचे काय मत असावे हे मी सांगणार नाही. पण एक गोष्ट निश्चित आहे. न्यायालयातील तारखा पुढे जातात तसे माझे वय थांबत नाही. वीस ते पंचवीस ही वर्षे शिकण्याची असतात आणि ती एकदाच येतात. सीमारेषा कोठेही असो, या वर्षांत कन्नड टाळणारा मराठी विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करून घेतो. कर्नाटक राज्याच्या सेवेत जायचे तर कन्नडची परीक्षा द्यावीच लागते. २०१३ पासून लागू झालेल्या संविधानाच्या ३७१ (जे) कलमामुळे आपल्या सहा मागास जिल्ह्यांतील, आता सात झालेल्या, मुलांना शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा मिळाल्या आहेत. राखीव जागेचे दार उघडे आहे, आणि आपण उंबऱ्याशी भाषेपायी अडखळतो, याला काय म्हणावे?

नोकरीचे सोडा, साधा शेतकऱ्याचा कागद घ्या. तिकडे सातबारा, इकडे पहाणी. पहाणी कन्नडमध्ये छापलेली असते. आमच्या आळीत ज्यांचे शिक्षण मराठीत झाले त्या म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्याच शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. वाचणारा प्रामाणिक असेल तर ठीक. नसेल तर? गेल्या दोन वर्षांत मी आळीतील बऱ्याच जणांच्या पहाण्या वाचून दाखवल्या आहेत. सर्व्हे नंबर, क्षेत्र, पिकाची नोंद, बोजा, हे सारे मराठीत समजावून सांगितले आहे. या कामाला पद नाही, पगार नाही. तरी एका आजोबांनी बँकेच्या बोज्याची नोंद कमी झाली नसल्याचे त्या वाचनातून ओळखले आणि तलाठ्याकडे जाऊन अर्ज दिला, त्या दिवशी मला माझ्या शिक्षणाचा अर्थ कळला. "पुढे काय?" या प्रश्नाचे एक लहानसे उत्तर मला तेथे मिळाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रगतीचे दुसरे माप म्हणजे वाचन. येथे मला मार्गदर्शिका नावाच्या पुस्तकांविषयी बोलायचे आहे. परीक्षेच्या आधी महिनाभर मार्गदर्शिका घोकायची, अपेक्षित प्रश्नांची उत्तरे उतरायची आणि परीक्षा झाली की ती निम्म्या किमतीला धाकट्या विद्यार्थ्याला विकायची, असा क्रम सर्वत्र चालतो. त्यातून गुण मिळतात, नाही असे नाही. पण ग्रंथालयातील कपाटे मात्र धूळ खातात. नांदेडचे नरहर कुरुंदकर हे नाव आपण ऐकले असेल. इंटरच्या परीक्षेत त्यांना वारंवार अपयश आले. परंतु या माणसाचे वाचन एवढे अफाट होते की इतिहास, धर्म, नाट्यशास्त्र, राजकारण अशा कोणत्याही विषयावर मराठवाडा आणि महाराष्ट्र त्यांचे व्याख्यान कान देऊन ऐकत असे. पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. १९८२ साली वयाची पन्नाशीही न गाठता ते गेले. नापास व्हावे असा याचा अर्थ कोणी काढू नये! परीक्षेतील अपयश आणि बुद्धीचे अपयश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्यांच्या जीवनावरून कळते. उलट, परीक्षेतील यश आणि ज्ञान याही दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, हेही आपण ध्यानात घेतले पाहिजे.

आता तिसरे माप. हे मुलींविषयी आहे, पण मुलांनीही वाचावे. आपल्या समाजात मुलाचे ध्येय पूर्ण होत नाही तेव्हा त्याला आणखी एक वर्ष मिळते. मुलीच्या ध्येयाची मुदत मात्र लग्नाच्या तारखेला संपते. कायद्याने मुलीच्या लग्नासाठी अठरा वर्षांची मर्यादा घातली आहे. ती किमान मर्यादा आहे, मुहूर्त नव्हे. तरी अठरा पूर्ण झाली की "आता काय अडचण?" असे विचारणारे घरोघरी आहेत. माझ्याबरोबर दहावीला बसलेल्या मुलींपैकी मोजक्याच आज महाविद्यालयात आहेत. त्या हुशार नव्हत्या असे नाही. दोघी तर माझ्यापेक्षा गणितात पुढे होत्या.

पूर्वी कारण सांगत की बसचे भाडे परवडत नाही, पोरीला रोज पाठवायचे कसे? जून २०२३ पासून कर्नाटकात साध्या सरकारी बसमध्ये राज्यातील स्त्रियांना प्रवास मोफत झाला. सीमेपलीकडे महाराष्ट्रातही त्याच वर्षी मार्चपासून एस. टी. त स्त्रियांना निम्मे तिकीट झाले. म्हणजे भाड्याचे कारण संपले. आता खरे कारण उघडे पडले आहे. मुलीने शिकून करायचे काय, हा प्रश्न ज्या घरात सुटलेला नाही त्या घराला फुकट बसही उपयोगी पडत नाही. काही मुलींच्या बाबतीत मात्र फरक नक्कीच पडला. वडिलांकडे रोज हात पसरावा लागत नाही, ही भावना मोठे बळ देते. सकाळच्या बसला आता दप्तर घेतलेल्या मुलींची गर्दी असते आणि जागेसाठी भांडणेही होतात. हे भांडण मला गोड वाटते.

स्त्री-शिक्षणाविषयी बोलताना आपण सावित्रीबाई फुल्यांचे नाव घेतो आणि १८४८ सालच्या पुण्याच्या शाळेची आठवण काढतो, ते योग्यच आहे. पण पंडिता रमाबाईंची आठवण आपल्या सीमाभागाला विशेष असायला हवी. त्यांचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने ते रमाबाईंना शिकवले. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी देश हिंडत ही मुलगी कलकत्त्यास पोहोचली आणि १८७८ साली तेथील विद्वानांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८९ साली तिने मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. या साऱ्या कथेत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्या आईचे शिकणे. एका स्त्रीला घरातील एका माणसाने शिकवले म्हणून पुढची स्त्री पंडिता झाली. घरातून सुरुवात होते ती अशी.

माझ्या स्वतःच्या बाबतीतही ही गोष्ट आता केवळ विचाराची राहिलेली नाही. निकाल लागेपर्यंत थांबू, असे घरी ठरले आहे. एक स्थळ आलेले आहे आणि मंडळी चांगली आहेत असे सगळे म्हणतात. मी "नाही" म्हटलेले नाही. मी दोन वर्षे मागितली आहेत. बी. एड. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. फी किती, पुस्तके किती, वसतिगृहाऐवजी रोज ये-जा केली तर काय वाचेल, शिकवणी घेऊन मी काय मिळवू शकेन, हे सारे एका कागदावर लिहून मी तो कागद अप्पांपुढे ठेवला. अप्पांनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "आज्जीला पण विचार." आज्जीने विचारले, "दोन वर्षांनी काय होणार?" मी म्हटले, "मास्तरीण होईन की नाही माहीत नाही आज्जी, पण शिकवता येईल." आज्जी काही बोलली नाही. अजून निर्णय झालेला नाही. तो काय होईल हे हा लेख छापून येईपर्यंत कळेलही. परंतु घरात भांडून किंवा रुसून जे कधीच बोलता आले नसते, ते हिशेब मांडून बोलता आले. ध्येय मनात जपून ठेवण्याची वस्तू नाही. ते घरच्यांना समजेल अशा भाषेत, आकड्यांसह, त्यांच्यापुढे ठेवण्याचे धैर्य अंगी येणे, हे मी प्रगतीचे तिसरे माप मानते.

येथे कोणी म्हणेल, "बोलायला हे सारे ठीक आहे, पण पोटाचे काय?" हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू जमीन आणि पावसावर अवलंबून असलेली तूर आहे, त्या घराला पगाराची नोकरी म्हणजे केवढा आधार, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणून मी नोकरीच्या विरुद्ध लिहीत नाही. मीही शिक्षक-पात्रता परीक्षेला बसणार आहे. माझे म्हणणे इतकेच की, पात्रता वाढवता वाढवता पद मिळाले तर उत्तम. न मिळाले तरी वाढलेली पात्रता कोणी काढून घेऊ शकत नाही. आपल्या तालुक्यातच पाहा. २००९ साली स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ कडगंचीला आहे; देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले तेथे शिकायला येतात. आपण मात्र ते बसच्या खिडकीतून पाहतो आणि पुढे जातो. गुलबर्ग्याच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे आपल्या मातीतल्या तुरीला कायद्याने स्वतःचे नाव मिळाले. त्या तुरीचे हिशेब ठेवणारे, भाव वाचणारे, प्रतवारी जाणणारे, दोन्ही राज्यांच्या व्यापाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारे किती शिकलेले तरुण आपल्या गावात आहेत? हे काम पदवीधराला कमीपणाचे वाटते, हीच आपल्या शिक्षणातील मोठी उणीव आहे.

शेवटी काही सूचना मांडते. त्या मोठ्या नाहीत. पैशावाचून करता येण्यासारख्या आहेत.

पहिली सूचना या नियतकालिकाविषयी. आपल्या अंकात मराठी विभाग आणि कन्नड विभाग शेजारी शेजारी छापले जातात, पण मराठी मुले मराठी पाने वाचतात आणि कन्नड मुले कन्नड पाने. मधली चित्रांची पाने हीच जणू आपली सीमारेषा! पुढील अंकापासून कन्नड विभागातील एक लेख मराठीत आणि मराठी विभागातील एक लेख कन्नडमध्ये विद्यार्थ्यांनीच अनुवाद करून छापावा. अनुवाद चुकला तर प्राध्यापक दुरुस्त करतील.

दुसरी सूचना ग्रंथालयाविषयी. प्रत्येक विद्यार्थ्याने दर सत्रात अभ्यासाबाहेरचे एक तरी पुस्तक आद्यंत वाचावे आणि त्यावर वहीत एक पान लिहावे. वही कोणाला दाखवण्यासाठी नको, स्वतःसाठी हवी.

तिसरी सूचना गावाविषयी. आठवड्यातून एक रविवारची सकाळ आपण आपापल्या गावच्या शाळेत किंवा देवळाच्या ओट्यावर बसावे. ज्यांना अर्ज लिहून हवा असेल, पहाणी वाचून हवी असेल, पेन्शनचा कागद समजून घ्यायचा असेल, त्यांना मदत करावी. एक पैसा घेऊ नये. दोन भाषा येण्याचा उपयोग गावाला कळेल, आणि आपले शिक्षण कोणासाठी आहे हे आपल्यालाही कळेल.

चौथी सूचना धाकट्या बहिणींना. शेवटच्या वर्षाची वाट पाहू नका. बी. ए. च्या पहिल्याच वर्षी घरी बोला, हिशेब मांडा, वेळ मागा. ऐनवेळी मागितलेला वेळ हट्ट वाटतो, आधी मागितलेला वेळ विचार वाटतो.

मी हे सारे साधले आहे असे कोणी समजू नये. माझे इंग्रजी अजून कच्चे आहे, सभेत उभे राहिले की घसा कोरडा पडतो, आणि वर सांगितलेल्या वहीत कित्येक पाने कोरी आहेत. परंतु कोणत्या दिशेने चालायचे हे ठरले आहे. पुढील उन्हाळ्यापर्यंत मला तीन गोष्टी साधायच्या आहेत: कन्नडमधून न अडखळता दहा मिनिटे बोलणे, एक इंग्रजी पुस्तक शब्दकोशाच्या मदतीने का होईना पूर्ण वाचणे, आणि आळीतील तीन स्त्रियांना स्वतःची पहाणी स्वतः वाचता येईल इतके कन्नड शिकवणे. पहिल्या दोन गोष्टी माझ्यासाठी आहेत. तिसरी मला सर्वांत अवघड वाटते, आणि तिला मी या रविवारपासून सुरुवात करणार आहे. आपल्यापैकी ज्यांना आपल्या गावी असेच काही करावेसे वाटत असेल त्यांनी मराठी विभागाच्या संपादकांकडे नाव द्यावे. कन्नड विभागातील मैत्रिणींनी तर आवर्जून द्यावे, कारण या कामात त्यांच्यावाचून आमचे चालणार नाही.